मागखात्याची तोंडी परीक्षा

गिरणीचा मालक बदलला आणि जॉबरला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी नोकरीसाठी अर्ज करावा लागला. तोही कुठे, तर ज्या मागखात्यात त्याने सव्वीस वर्षं काढली त्याच मागखात्यात. अर्जावर 'पूर्वानुभव' असा एक रकाना होता, जेमतेम बोटभर रुंदीचा. त्यात सव्वीस वर्षं कोंबायची कशी हे त्याला कळेना. शेवटी त्याने 'आहे' एवढंच लिहिलं आणि कागद खिडकीतून आत सरकवला.

जॉबर म्हणजे मागांची जुळणी आणि दुरुस्ती बघणारा माणूस. आडवा धागा नेणारा धोटा अडकला, ताण्याचे उभे धागे पटापट तुटायला लागले, कापड एका अंगाला ओढायला लागलं, की विणकराने जॉबरला बोलवायचं आणि जॉबरने माग पुन्हा वळणावर आणायचा. आता 'बोलवायचं' असं लिहून गेलो खरं, पण मागखात्यात कुणी कुणाला बोलवत नाही. एका छपराखाली चोपन्न माग एकदम चालू असतात. तिथे तुम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलात तरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही जांभई देताय असं वाटेल.

म्हणून मागखात्यातली माणसं हातांनी बोलतात. हात वर करून दोन बोटं दाखवली की धोटा अडला. मूठ वळून मनगट फिरवलं की ताणा बिघडला. गाल फुगवले की साहेब येतोय, आणि गाल फुगवून पोटावरून हात फिरवला की मोठा साहेब येतोय. जे हातांत मावत नाही ते ओठांवर. दोन रांगांपलीकडच्या बाईचं तिच्या जावेशी काय बिनसलं, हे आवाजाचा टिपूससुद्धा न ऐकता अख्ख्या रांगेला कळायचं. हे कुणी कुणाला शिकवत नसे. महिनाभर तिथे उभं राहिलं की आपोआप यायचं, आणि ज्याला यायचं नाही तो सोडून जायचा.

नव्या मालकाच्या जाहिरातीत मात्र शेवटी एक ओळ होती. सर्व पदांसाठी उमेदवारास कार्यालयाची भाषा अस्खलित बोलता येणे आवश्यक.

कार्यालय वरच्या मजल्यावर होतं. कारकून, हिशेबनीस, इंजिनियर, सगळे तिथे बसत आणि त्यांची भाषा वेगळी होती. खालचे लोक तिला नुसतं 'वरची' म्हणत. खालच्यांना वरचीतले दहा-वीस शब्द यायचे, वरच्यांना खालचे दहा-वीस, आणि तेवढ्यावर गिरणी व्यवस्थित चालत आली होती. ती जाहिरात वाचून खाली सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

एकटा जॉबर गप्प होता, कारण त्याला वरची येत होती. चांगली येत होती. त्याला ज्याने हे काम शिकवलं तो म्हातारा जॉबर वरचीशिवाय दुसरं काही बोलतच नसे. त्याच्या तोंडाकडे बघून बघूनच हा काम शिकला आणि त्याचबरोबर भाषाही शिकला. कानाने कमी, डोळ्यांनी जास्त. मागाच्या प्रत्येक सुट्या भागाचं नाव त्याला आधी वरचीत आठवायचं आणि मग आपल्या भाषेत. पण हे तो कुणाला सांगत नसे. खालच्या माणसाला वरची येते म्हटलं, की लोक त्याच्यासमोर जपून बोलायला लागतात.

दुसरी एक गोष्ट तो याहूनही जपून ठेवत आला होता. त्याचे कान गेले होते. एका दिवसात नाही गेले. आधी पाखरांचे आवाज गेले, मग दाराची कडी, मग फोनवरचं बोलणं, आणि गेली अकरा वर्षं तर जवळजवळ काहीच नाही. मागखात्यात याचा पत्ता लागायचं कारणच नव्हतं. तिथे कामाच्या वेळात सगळेच बहिरे. फरक एवढाच, की संध्याकाळी बाहेर पडल्यावर बाकीच्यांना पुन्हा ऐकू यायला लागायचं. माग काय म्हणतोय हे तो सांगाड्यावर तळहात ठेवून ओळखायचा. कोणता खिळा सैल आहे हेसुद्धा त्याला हातानेच कळायचं, आणि इतकं अचूक, की जुना साहेब म्हणायचा, "याच्यासारखे कान दुसऱ्या कुणाला नाहीत." तेव्हा जॉबर मान खाली घालून हसायचा.

तोंडी परीक्षेच्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून वरच्या मजल्यावर गेला. मनातून तो निर्धास्त होता. टेबलापलीकडे भरतीवाली बाई बसली होती. तरुण, चटपटीत, सकाळपासून चाळीस माणसं तपासून वैतागलेली. तिने एकदाही मान वर केली नाही. प्रश्नांचा कागद दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला आणि वाचायला सुरुवात केली.

जॉबरला कागदाची मागची कोरी बाजू दिसत होती. त्याच्या वरच्या कडेला तिचे केस दिसत होते. कागद थोडा हलला म्हणजे प्रश्न चालू आहे, थांबला म्हणजे संपला, एवढा अंदाज त्याला आला. पण प्रश्न काय होता? तो वाट बघत राहिला, की ती कागद खाली घेईल. ती घेईना. पुन्हा कागद हलला, पुन्हा थांबला. 'जरा माझ्याकडे बघून विचारता का' एवढं म्हणायचं होतं. ते त्याला अस्खलित म्हणता आलं असतं. पण मग ती विचारणार, का? आणि या 'का'चं उत्तर दिलं की जॉबरकी संपली. म्हणून तो मूग गिळून बसून राहिला. पाच प्रश्न झाले. बाईने कागद खाली ठेवला, त्यावर एक फुली मारली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे बघून म्हणाली, "पुढचा." ते त्याला स्वच्छ कळलं.

घरी आला तेव्हा बायको भाजी निवडत होती. त्याचा चेहरा बघून तिने ताट बाजूला सारलं, उठून त्याच्या समोर आली आणि मग विचारलं, "काय झालं?"

"नापास."

"तुम्ही? वरचीत?" तिने भाजीचे हात पुसले. मग म्हणाली, "कागद धरला असेल तिने तोंडासमोर."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"अहो, अकरा वर्षं मी प्रत्येक शब्दासाठी उठून तुमच्यासमोर येऊन उभी राहतेय. पाय मोडायची वेळ आली. मला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

"मग बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही लपवत होतात. लपवायला तुम्हाला तेवढं एकच काहीतरी होतं. म्हटलं, असू दे."

यावर त्याला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही आवरून त्याने सदरा काढून खुंटीला अडकवला.

मागखात्यातली एकूण अठरा माणसं भाषेच्या परीक्षेत नापास झाली. सगळी जुनी, सगळी कसलेली. त्यांतली चौदा नंबरच्या मागावरची बाई मोठी हिंमतवान होती. तिला सगळे 'चौदा नंबर' असंच म्हणायचे. तिने कुठूनतरी एक वकीलबाई शोधून काढली. वकीलबाईने सगळ्यांना एका शाळेच्या वर्गात गोळा केलं. बाकं लहान मुलांची असल्यामुळे अठरा मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली.

"भाषेची अट घालायचीच नाही असं कायदा म्हणत नाही," वकीलबाई म्हणाली. "ज्या कामाला भाषा खरोखरच लागते तिथे घालता येते. पण ती लागते, हे मालकाला पटवून द्यावं लागतं. तुमच्या कामाला लागते का?"

सगळे हसायला लागले. चौदा नंबरने तिथेच हात वर करून दोन बोटं दाखवली आणि सोळा माणसांनी जॉबरकडे बोट केलं. वकीलबाईला काही समजलं नाही, पण आपल्या हातात काहीतरी लागलंय एवढं तिने ओळखलं. कंपनीविरुद्धच्या तक्रारीवर तिने पहिली सही जॉबरची घेतली. "सगळ्यांत जुने तुम्हीच. तुम्हाला वरची येत नाही, तरी सव्वीस वर्षं काम चोख. तक्रारीचा कणाच तुम्ही."

जॉबरने सही केली. आपल्याला वरची येते हे सांगायला तोंड उघडलं असतं, तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. आजूबाजूला सतरा माणसं त्याच्याकडे आशेने बघत होती. त्या दिवसापासून त्याला जेवण जाईना.

"सुनावणीत तुम्हाला वरचीत काही विचारलं, तर मख्खासारखं बसायचं," वकीलबाईने बजावलं होतं. "दुभाषी सांगेल तेव्हाच उत्तर द्यायचं. तोवर अळीमिळी गुपचिळी."

सुनावणीचे साहेब वयस्कर होते आणि त्यांच्या मिश्या एवढ्या घनदाट होत्या, की ओठ म्हणून काही दिसतच नव्हतं. जॉबरचा जीव टांगणीला लागला. पण दुभाषी नेमका त्याच्या समोर बसला होता. गुळगुळीत दाढी केलेला आणि प्रत्येक शब्द सुटा सुटा बोलणारा. जॉबरने सगळी सुनावणी त्याच्या तोंडावरून वाचली. एवढा मन लावून ऐकणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटल्यामुळे दुभाषीही खुलला होता.

दोन तास कंटाळवाणे गेले. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. यंत्रांजवळ धोका असतो, वेळप्रसंगी सूचना समजली पाहिजे, म्हणून भाषा हवी. भरतीवाली बाई हे बोलली, तिच्या साहेबाने तेच पुन्हा बोलून दाखवलं, आणि मग कंपनीचा नवा इंजिनियर उभा राहिला. पंचविशीचा पोरगा, इस्त्रीचे कपडे. तो वरचीत समजावून सांगू लागला, की माग कसा चालतो. जॉबरपासून तो चार हातांवर उभा होता आणि तोंड याच्याकडेच होतं.

"उदाहरणार्थ, धोटा अडकला," इंजिनियर म्हणाला. "अशा वेळी विणकर माग चालू ठेवतो आणि जॉबरला मोठ्याने हाक मारतो. जॉबरला ती भाषा समजली नाही तर..."

"चालू ठेवतो?" जॉबर उभा राहिला. "धोटा अडकल्यावर माग चालू ठेवला तर फणीतले पाचशे धागे तुटतील, शहाण्या. आणि हाक कुणाला मारतोस? आधी दांडी ओढून माग थांबवायचा, मग हात वर करायचा. कधी मागखात्यात पाऊल टाकलंयस का?"

हे सगळं तो वरचीत बोलला. खणखणीत, एकही शब्द न अडखळता, त्या म्हाताऱ्या जॉबरच्या ठसक्यात. मागाचं बोलणं निघालं की त्याच्या तोंडी तीच भाषा यायची, दुसरी यायचीच नाही. बोलून झाल्यावर त्याला समोरचे चेहरे दिसले. दुभाष्याच्या हातातलं पेन तसंच राहिलं होतं. वकीलबाईने डोळे मिटून घेतले होते. चौदा नंबर त्याच्याकडे असं बघत होती, की ते बघणं त्याला मारल्यापेक्षा जास्त लागलं.

भरतीवाली बाई सावकाश उठली. या वेळी तिच्या हातात कागद नव्हता. ती सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला तर आमच्यापेक्षा चांगली भाषा येते. मग परीक्षेत तोंडाला कुलूप का लावलं होतं? तक्रार करता यावी म्हणून? सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं का?"

साहेबांच्या मिश्या हलल्या. काय म्हणाले ते कळलं नाही, पण कळायची गरज नव्हती. आता तो गप्प बसला, तर अठराही जण खोटारडे ठरणार होते. आणि बोलला तर सतरा जणांना काम परत मिळेल, त्याला मात्र ते मिळणार नव्हतं. एवढा हिशोब त्याला क्षणात समजला. त्याला राग आला. तो कुणाचा हेही धड कळेना. मग रागही गेला आणि नुसता थकवा राहिला. अकरा वर्षं माणसांच्या तोंडाकडे टक लावून तो थकून गेला होता.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्ही त्या दिवशी कागद तोंडापुढे धरला होतात. मी ओठ बघून समजून घेतो. ओठ दिसले नाहीत, म्हणून प्रश्न समजले नाहीत. या सतरा जणांना यातलं काही माहीत नव्हतं. तुमच्याच मागांनी माझे कान गेले, अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी ठार बहिरा आहे आणि चोपन्न मागांवर माझ्या नावाची एक तक्रार नाही. वाटल्यास दप्तर काढून बघा. तुम्ही म्हणता, भाषा आल्याशिवाय तिथे काम होत नाही. तिथे भाषा आलेली आणि न आलेली माणसं सारखीच आहेत. कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. आग लागली तर भिंतीवर लाल दिवा लागतो. तो बघायचा आणि चालायला लागायचं."

कुणीच काही बोललं नाही, किंवा बोललं असेल तर त्याला कळलं नाही. तो खाली बसला. वकीलबाई भराभर लिहीत होती. बाहेर पडताना चौदा नंबर त्याच्या समोर आली. तिने नुसता त्याच्या सदऱ्याच्या बाहीला हात लावला.

निकाल तीन आठवड्यांनी आला. मागखात्यातल्या कामाला भाषेची अट लागू करता येणार नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं, आणि त्याला आधार म्हणून जॉबरची अकरा वर्षं घेतली होती. अठराही जणांचे अर्ज पुन्हा विचारात घ्यायचे होते. पाठोपाठ कंपनीचं एक पत्र एकट्या जॉबरला आलं. पदाच्या नियमाप्रमाणे श्रवणचाचणी द्यावी.

चाचणीच्या खोलीत काचेची एक पेटी होती. आत बसायचं, कानांवर यंत्र चढवायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. तो आत बसला. समोर काच होती, आणि काचेपलीकडे तपासनिसाचा हात अगदी स्पष्ट दिसत होता. आवाज सोडताना त्याचं बोट यंत्राची कळ दाबत होतं. एवढं सोपं होतं. ज्याने चोपन्न मागांची नस डोळ्यांनी आणि हातांनी ओळखली, त्याला एका माणसाचं बोट ओळखणं काहीच नव्हतं. पहिल्या तीन वेळा त्याने बरोबर बटण दाबलं. तपासनीस खूश होऊन कागदावर काहीतरी लिहू लागला.

मग जॉबरच्या मनात आलं, की आज यातून निभावलं, तर उद्यापासून पुन्हा तेच. पुन्हा पाच-सात वर्षं प्रत्येक तोंडावर नजर ठेवायची, प्रत्येक कागदाला भ्यायचं, आणि आता तर सगळ्यांना माहीत असताना. तेवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने डोळे मिटले. बराच वेळ तो तसाच बसून राहिला, बटणावर अंगठा ठेवून. तपासनिसाने दार उघडून खांद्याला हात लावला तेव्हाच त्याने डोळे उघडले.

घरी जाऊन त्याने बायकोला हे जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं केलंत." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पुष्कळ वेळ भांडी घासत राहिली. घासून झालेली भांडी ती पुन्हा घासत होती.

घेतलेल्या माणसांची यादी लागली त्या दिवशी तो गेटवर गेला नाही. दुपारी चौदा नंबर त्याच्या घरी आली. आत येऊन बसली, पाणी प्यायली, मग उठून खिडकीशी गेली आणि बाहेर बघत उभी राहिली. तिचे खांदे हलत होते, त्यावरून ती बोलतेय हे त्याला कळलं. त्याला कळू नये म्हणूनच ती पाठमोरी बोलत होती, हेही कळलं.

"समोर बघून सांग," तो म्हणाला.

ती वळली. डोळे पुसत म्हणाली, "आम्हा सतराजणांना घेतलंय. तुमचं नाव नाही, जॉबरकाका."

"माहीत आहे."

"तुम्ही त्या दिवशी बोलला नसतात, तर..."

"तर तुझंही नाव नसतं. मला वाईट वाटतंय गं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही आत गेलात याचं नाही वाटत." मग त्याने विचारलं, "माझ्या जागी कुणाला घेतलं?"

"बाहेरून आणलाय. तिशीचा आहे. वरची फाडफाड बोलतो. सकाळी यादी लागल्यावर आम्हाला माग वाटून द्यायला आत नेलं, तर हा रांगेच्या मधोमध उभा राहून आम्हाला ओरडून काहीतरी सांगत होता. काय सांगत होता देव जाणे. नुसतं तोंड उघडतंय आणि मिटतंय."

"खुणा येतात त्याला?"

"एकही नाही."

त्या पोराची जॉबरला कीव आली. चोपन्न माग, सतरा माणसं, आणि यातल्या कुणाचंही एक अक्षर त्याला समजत नव्हतं.

"मग शिकवा त्याला," तो म्हणाला. "आधी त्याचं ओरडणं बंद करा. घसा जाईल बिचाऱ्याचा. नंतर त्याचा हात धरून चालू मागावर ठेवा, पाच मिनिटं तसाच राहू द्या. धोट्याची खूण, ताण्याची खूण, एवढं पहिल्या आठवड्यात पुरे. चुकला तर हसू नका. आणि त्याच्याशी बोलताना त्याच्यासमोर उभं राहून बोला."

चौदा नंबरने मान हलवली. गिरणीत तिची पाळी तीनची होती, म्हणून ती लगेच निघाली. तो दारापर्यंत आला, ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभा राहिला आणि मग आत येऊन आडवा झाला. फार दमला होता तो.